पहिला रस, दुसरा रस

दाबोळी विमानतळासमोर दादाने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. कुडाळहून निघाल्यापासून तो कुठेही थांबला नव्हता. बांदा ओलांडून गोव्याची हद्द लागली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बारच्या पाट्या सुरू होतात. त्या रस्त्याने दादा न थांबता गेला, याचा अर्थ त्या दिवसापुरतं त्याने काहीतरी मनाशी ठरवलं होतं. मागच्या सीटवर आई होती आणि माझी बॅग. आईने सगळ्या वाटभर बॅगेवर हात ठेवला होता.

"थंडी खूप आसतली थंय," दादा म्हणाला. "पण तुका काय! तू थर्मामीटर उशाक घेवन झोपतलंस."

हा त्याचा नेहमीचा टोमणा. मला लहानपणापासून मोजायची खोड. मे महिन्यात विहिरीचं पाणी किती उतरलं ते मी दोरीला गाठी मारून मोजायचो, आणि दादा काठावरून ओरडायचा, "नंद्या, मोजून पाणी वाढता काय रे?"

आई रडली नाही. मला जरा बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "एकाक सांभाळतंय. दुसऱ्याक सांभाळूक लावू नको." दादा ट्रॉली घेऊन येतच होता. त्याने ते ऐकलं. बॅग ट्रॉलीवर ठेवली, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि जाऊन गाडीत बसला. काच मात्र खाली केली नाही.

याला वीसहून जास्त वर्षं झाली. हे लिहितोय ते तिकडे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे निघाले नि हॅम्बर्ग, हॅनोव्हर, कुठे कुठे जाऊन स्थिरावले त्यांच्यासाठी. तुमच्यापैकी काहींच्या घरात असा एक दादा असेल. नसेल तर बरंच आहे.

मी आलो जर्मनीत, गेर्लिंगेनला. स्टुटगार्टला लागून असलेलं टेकडीवरचं गाव, खाली कंपन्या, वर द्राक्षांचे मळे. माझं काम पंपांच्या चाचणीचं: दाब किती, गळती किती, किती तापमानाला काय होतं. म्हणजे ज्यावरून घरी चिडवत त्याच गोष्टीचा इथे पगार मिळायला लागला. पहिली काही वर्षं मी दारूला शिवलो नाही. काम संपल्यावर सहकारी बिअर प्यायला जात, तेव्हा मी सफरचंदाचा रस घेऊन बसायचो. आणि बसून बघायचो. लोक एक ग्लास घेत, फार तर दोन, गप्पा मारत, उठत आणि घरी जात. कोणाला कोणी उचलून नेत नव्हतं. घरी गेल्यावर कोणाच्या आईला दार लावून घ्यावं लागत नसावं. मला हे नवीन होतं. पुढे स्टेशनजवळच्या बाकावर सकाळीच बाटली घेऊन बसलेली माणसंही दिसली, तेव्हा कळलं की दादा इथेही आहेत, फक्त ते माझ्या ऑफिसात येत नाहीत.

बिअर करायला शिकवली आमच्या इमारतीतल्या फोल्मर यांनी. तळमजल्यावर एकटे राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेत. इमारतीच्या तळघरात सगळ्यांच्या सामाईक कपडे धुण्याची खोली आहे, वाश्क्यूशे. फरशीत मोठी मोरी, भिंतीला गरम पाण्याचा जाड नळ. तिथे ते दर दोन महिन्यांनी हंडा चढवत. एकदा मी धुतलेले कपडे आणायला गेलो आणि त्यांच्या हातातला थर्मामीटर बघून थांबलो. तेवढ्यावर मी अडकलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतो. तसंच जवाला मोड आणून वाळवलं की त्याला माल्ट म्हणतात. ते भरडून सहासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. दाण्यातल्या पिठाची साखर होते आणि पाणी गोड होतं. तापमान पाच अंश इकडेतिकडे झालं तर बिअर वेगळी होते. मग तो गोड रस गाळून घ्यायचा, हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचा, थंड करून यीस्ट घालायचं. बाकी सगळं भांडी घासणं.

मी शनिवारी संध्याकाळी जेवणाआधी एक ग्लास घेतो. दुसरा कधी घेतला नाही. माझी बायको मेघना पुण्याची, ती हसते. "तू पीत नाहीस रे, तू रीडिंग घेतोस," म्हणते. खरं आहे. पण त्या एका ग्लासाआधी मी दर वेळी स्वतःलाच तपासत आलोय: आज नसता मिळाला तर? चाललं असतं का? चाललं असतं, असं उत्तर आलं तरच ओततो. हे मी मेघनालाही कधी सांगितलं नव्हतं.

दादाचं मात्र मोजण्यापलीकडे गेलं होतं. त्याचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान हळूहळू बंद पडलं. वहिनी केव्हाच माहेरी निघून गेली. घरात आई आणि तो. मागच्या वर्षी आईचं मनगट मोडलं. फोनवर म्हणाली, "न्हाणयेत घसारलंय." कोल्हापूरला असलेल्या माझ्या बहिणीने, ताईने, मला एक्स-रेचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: न्हाणीत नाही.

मग ताईने आणि मी मिळून ठरवलं. दादाला साताऱ्याकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं, तो तयारही झाला. तेवढा काळ आईला तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आणायचं. आणि व्हिसा संपला की तिने कुडाळला परत न जाता कोल्हापूरला राहायचं, ताईच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक ब्लॉक बघून ठेवला होता. दादा बरा होऊन आला तर बघू, पण आई त्याच्यासोबत एका घरात नाही. आईला हे पटवायचं काम माझ्याकडे होतं. तीन महिने हातात होते. आणि ती माझं ऐकते अशी माझी समजूत होती.

आई आली ती मनगटाला पट्टा बांधून. पहिल्या आठवड्यात नुसती झोपली. एवढी झोप मी तिला कधी घेताना पाहिली नव्हती. मग हळूहळू ती घरात वावरायला लागली. माझी मुलगी ईशा इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. आजी मालवणीत बोलायची, ईशा जर्मनमध्ये, आणि दोघींचं कसं कोण जाणे चालायचं. "आजी, कॉम, श्पात्सिरेन," म्हणत ती आजीला मळ्यांच्या वाटेने फिरायला न्यायची. परत येताना आईच्या ओच्यात वाटेवर पडलेल्या चेरी असायच्या. मी कोल्हापूरचा विषय पुढे ढकलत होतो. ती आधी बरी दिसू दे, म्हटलं.

त्याच उन्हाळ्यात ईशा सोळा वर्षांची झाली. इथे सोळाव्या वर्षी मुलांना कायद्याने बिअर घेता येते. तिच्या वर्गातली मुलं-मुली पार्कात बाटल्या घेऊन बसत होती, आणि ती त्यांच्यात होती. मेघना म्हणाली, नाही म्हणून सांगू. मी म्हटलं, नाही म्हटलेलं काय होतं ते मी बघितलंय. आमच्या घरात दादाला रोज नाहीच म्हणत होते. माझा हिशेब असा होता: पहिला ग्लास घरात होऊ दे, माझ्यासमोर, आणि त्यात किती आहे ते मला माहीत असलेला. ऑगस्टच्या शेवटी आमच्या इमारतीचा होफफेस्ट असतो, मागच्या अंगणात टेबलं मांडून. दर वर्षी मी त्यासाठी बिअर करतो. या वर्षी एकाच माल्टच्या दोन करायच्या ठरवल्या. जुनी पद्धत आहे ही. पहिला रस दाट आणि गोड, तो वेगळा काढायचा. त्याची सात टक्क्यांची बिअर होते. मग त्याच चोथ्यावर पुन्हा गरम पाणी घालून दुसरा, पातळ रस काढायचा. त्याची अडीच टक्क्यांची. सात टक्क्यांची मोठ्यांसाठी. अडीच टक्क्यांची ईशासाठी.

"आई जाईपर्यंत थांब," मेघनाने सांगितलं होतं. "एक वर्ष नाही केलीस तर कोणी तुला बिल्डिंगमधून काढत नाही." पण होफफेस्टच्या आधी बिअर बाटलीत मुरायला वेळ लागतो. मी दिवस धरला तो असा, की त्या दिवशी मेघना आईला घेऊन स्टुटगार्टला एका ओळखीच्यांकडे जाणार होती.

आईचा गुडघा दुखायला लागला आणि ती घरीच राहिली. मेघना एकटी गेली. मी तळघरात होतो, मला काही माहीत नव्हतं.

मी पहिला रस काढून घेतला होता. माझ्या हंड्यात सोळा लिटर, काळपट तांबडा, काकवीसारखा. चोथ्यावर पंचाहत्तर अंशांचं पाणी घालून दुसरा रस फोल्मरांकडून आणलेल्या हंड्यात गाळत होतो. तेवढ्यात दारात आई. हातात वाळत घालायच्या कपड्यांची टोपली.

"काय रांदतंस रे? वरपर्यंत वास इलो. पेजेसारो."

खरंच तसाच वास असतो, उकड्या तांदळाच्या पेजेसारखा. मी म्हटलं, "जव आहेत." आणि त्याच वेळी वर दाराची बेल वाजली. फोल्मरांचं कुरिअर होतं, त्यांनी माझं नाव देऊन ठेवलं होतं. मी वर जाऊन सही करून, पाकीट त्यांच्या दाराशी ठेवून आलो. फार वेळ लागला नसेल.

परत आलो तर आईने टोपली खाली ठेवली होती. भिंतीजवळच्या किटलीत मी उपकरणं धुवायला पाणी उकळत ठेवलं होतं, ते सगळं तिने चोथ्यावर ओतलं होतं. चांगल्या हाताने झारा घेऊन चोथा दाबत होती, आणि मग पट्टा काढून, दोन्ही हातांनी, माझ्या गाळायच्या फडक्यात मुठी मुठी भरून घट्ट पिळत होती. पिळलेलं पाणी दुसऱ्या हंड्यात. कोणी आमच्याकडे सोलकढी करताना बघितलं असेल त्याला तो पीळ माहीत असेल. नारळाचा पहिला रस जाड, तो बाजूला. मग चोथ्यावर गरम पाणी घालून दुसरा, पातळ. आणि मग आणखी एकदा, कारण चोथ्यात चव शिल्लक असताना तो टाकणं हे आमच्या घरात पाप.

"टाकतलं हुतंस काय ह्यो तसोच?" ती मान वर न करता म्हणाली. "हेच्यात अजून कितको रस आसा. तुका पिळूक येयना नाय."

तिला कसं सांगू की जवाचा चोथा पिळायचा नसतो. अठ्ठ्याहत्तर अंशांच्या वर पाणी गेलं की सालांमधला तुरटपणा उतरतो. उकळतं पाणी आणि वर पिळणं, म्हणजे सगळाच उतरणार. पण मी ते बघत नव्हतो. मी तिच्या मनगटाकडे बघत होतो. पट्टा काढलेलं मनगट, थोडं वाकडं जुळलेलं. ती गुणगुणत होती. इथे आल्यापासून तिला पहिल्यांदा काहीतरी येत असलेलं काम सापडलं होतं.

"झाला," ती म्हणाली आणि हात झटकले. "ह्येचा आता काय करतलंस?"

सत्त्व, म्हणता आलं असतं. तिने मानलं असतं. पण तिच्या हाताला तो रस लागलेला होता.

"बिअर," मी म्हटलं.

तिला हा शब्द माहीत होता. कुडाळला कोणाला माहीत नाही? ती नळाशी गेली आणि हात धुवायला लागली. कोपरापर्यंत धुतले. मी मागे उभा राहून सांगत राहिलो: की मी एकच घेतो, की इथे सगळे घरी करतात, की कायद्याने चालतं, की या दोन हंड्यांत फरक आहे, यात सात टक्के होईल आणि त्यात अडीचच, आणि अडीचवाली तर मुद्दाम ईशासाठी, म्हणजे तिला बाहेर...

तिथे ती वळली.

"चेडवासाठी?"

मी हंड्यावर झाकण ठेवलं.

"थंय एक पिता," ती म्हणाली, "हंय एक करता. आणि आता चेडवाक पाजतलो."

टोपली तिथेच ठेवून ती जिना चढून गेली. एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून. मी मदतीला गेलो नाही, कारण तिने नको म्हटलं असतं. मी दोन्ही हंडे चढवले आणि उकळले. मोरीत ओतून द्यायला हवे होते का? पण ओतले असते तर तिच्या हातचंही ओतलं गेलं असतं, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात होतं. वर गेलो तेव्हा ईशा कॉरिडॉरमध्ये उभी होती. "पापा, ओमा वाइंट," ती हळू आवाजात म्हणाली. आजी रडतेय. "वास हास्ट डू गेमाख्ट?" काय केलंस तू?

त्यानंतरचे आठवडे आई घरात होती आणि नव्हती. मेघनाच्या हातचं जेवायची, मी वाढलं तर "पुरे" म्हणायची. तळघरात एकदाही आली नाही; तिचे कपडे ती बाथरूममध्ये धुऊन बाल्कनीत वाळवायला लागली. मी एकदा कोल्हापूरचा विषय काढला. ताई वरच्या मजल्यावर, लिफ्ट आहे, डॉक्टर समोरच्या गल्लीत, सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. "आणि?" म्हणाली. मी म्हटलं, "आणि दादाबरोबर राहणं तुझ्यासाठी सुरक्षित नाही, आई." तिने लसणाची साल फुंकून बाजूला केली. "दारवेच्या घरात रवा नको, असा सांगतंस माका. खंय बसान सांगतंस?"

दारूच्या घरात बसूनच मी तिला दारूच्या घरात राहू नको म्हणत होतो. माझ्याकडे आकडे होते: शनिवारी एक, कधीच दोन नाही, वीस वर्षांत एकदाही झोक गेला नाही. ते सगळे खरे होते आणि तिच्यासमोर एकही कामाचा नव्हता. तिच्या दृष्टीने मी दोन मुलग्यांतला तो होतो ज्याच्यावर तिला नजर ठेवावी लागत नव्हती. त्या एका दुपारी ती जागा गेली. आणि ती जागा गेल्यावर तिला कुठे राहा, कुठे नको, हे सांगायचा माझा हक्कही गेला. मेघना माझ्या बाजूने बोलली. "आई, अहो, तो तसा नाही पीत. तुम्ही बघताय ना." आई म्हणाली, "सगळेच तसे नाय पियत गो, सुरवातीक."

होफफेस्टला ती खाली येईल असं वाटलं नव्हतं. पण ईशा तिला हाताला धरून घेऊन आली. अंगणात फोल्मरांनी लांब टेबल मांडलं होतं, बटाट्याचं सॅलड, भाजलेले सॉसेज, आमच्या घरची कांदाभजी. माझ्या बाटल्या बर्फाच्या टबात. सात टक्क्यांची लगेच संपायला लागली. फोल्मर मान डोलवत म्हणाले, "गेनाऊ, ही जमली." मग मी अडीच टक्क्यांची उघडली आणि ईशाला अर्धा ग्लास ओतून दिला. आई शेजारीच खुर्चीत बसली होती. तिने तोंड फिरवलं नाही. सरळ ईशाकडे बघत राहिली.

ईशाने एक घोट घेतला आणि तिचा चेहरा आक्रसला. "ईऽऽ, पापा! वी आल्टर टी!" जुन्या चहासारखं.

फोल्मरांनी तिच्या ग्लासातून चाखलं, जीभ टाळूला लावली. "आल्झो... गेर्बश्टोफ," ते म्हणाले. "साल उतरलीय. पाणी जास्त तापलं होतं का? की पिळलंस?"

"काय म्हणतत ते?" आईने विचारलं.

"तुरट झालीय म्हणतात. चोथा पिळल्यामुळे."

"मी पिळलंय म्हणान?"

"हो."

ईशाने ग्लास टेबलाच्या पार टोकाला सरकवून दिला आणि लिंबाचं सरबत घेतलं. आईने ते बघितलं. आणि मग ती हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. "मगे काय तरी बरा केलंय हंय येवन," ती म्हणाली. फोल्मरांना काही कळलं नाही, पण तेही हसले. मीही हसलो. थोडा वेळ वाटलं की सगळं पहिल्यासारखं होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातली टेबलं आत नेत होतो. आई पायरीवर येऊन बसली. मला वाटलं आता ती कोल्हापूरला हो म्हणणार.

"दादाचो फोन इलो हुतो," ती म्हणाली. "सुटतलो म्हयन्याभरात. मी कुडाळाक जातलंय."

मी टेबल खाली ठेवलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज चढवून बोललो, फोल्मरांच्या खिडकीत पडदा हलला एवढा. शेवटी म्हटलं, "त्याने तुझा हात मोडला, आई."

ती स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरून बसली. त्यावर नाही म्हणाली नाही. प्रथमच.

"तू मोजून पितंस, तो मोजी नाय," ती म्हणाली. "काल बघलंय मी. तू वायट नाय. पण तुजा माज्याशिवाय चलता, नंदू. तेचा चलना नाय."

"आणि तुझं काय?"

"माजा काय," ती म्हणाली, आणि उठताना आधारासाठी माझा खांदा धरला. पुष्कळ आठवड्यांनी तिने मला हात लावला होता. त्यामुळे मी पुढचं काही बोलू शकलो नाही, आणि मला वाटतं तिला ते माहीत होतं.

फ्रँकफर्टला व्हीलचेअरवर बसून ती सिक्युरिटीच्या दारातून गेली. ईशा रडत होती. परत येताना गाडीत ती म्हणाली, मराठीत, अडखळत, "आजी तिकडे... ठीक राहील?" तिच्या तोंडून मराठी वाक्य ऐकून मला आनंद व्हायला हवा होता.

त्यानंतर मी बिअर केलेली नाही. सोडली असं म्हणणार नाही, सोडायला मी धरलेली नव्हती. फोल्मरांचा हंडा त्यांना परत दिला. तुरट बाटल्या तळघरात होत्या तशा आहेत. फेकवत नाहीत, कोणाला देताही येत नाहीत. फोल्मर म्हणतात की काही वर्षांनी तुरटपणा थोडा मऊ होतो. बघू.

इथले लोक मला विचारतात, घरी कधी जाणार, म्हणजे भारतात. आणि भारतातले विचारतात, घरी सगळे बरे ना, म्हणजे इथले. पूर्वी मी या दोन घरांची बेरीज-वजाबाकी करायचो. इथे काय मिळालं, तिकडे काय राहिलं. आता तसं करत नाही. आता घर म्हणजे फोन लागल्यावरचे पहिले दोन-तीन शब्द. आई उचलते तेव्हा ती "बरी आसंय" म्हणते आणि मी त्या दोन शब्दांच्या मागे काय आहे ते ऐकत राहतो: भांडं आपटल्याचा आवाज आहे का, ती दाराच्या दिशेने तोंड करून बोलतेय का, आवाज मुद्दाम हळू आहे का. दादा केंद्रातून आला. दुकानाचं शटर उघडलं असं ताई सांगते. किती दिवस उघडं राहील, तिलाही माहीत नाही.

परवा रविवारी दुपारी आईच्या फोनवर दादा आला. तो परत आल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.

"नंद्या," तो म्हणाला.

'नंद्या'मधला 'द्या' नीट उमटला होता का, श्वास किती लांब होता, इतक्या दुपारी आईचा फोन त्याच्या हातात का होता, ती कुठे होती, मागे पंख्याशिवाय आणखी काही वाजत होतं का. मी फोन कानाला घट्ट धरून तेवढंच ऐकत होतो. तोही थांबला होता. त्याला माहीत होतं मी काय करतोय.

"मोजून झाला?" दादा म्हणाला. "मगे बोल आता."